बाकड्याखाली ठेवा

…नाही, खेळावं ना माणसाने, माझं काही म्हणणं नाही, पण ज्या खेळाची लाळ आणि चिखल तिसऱ्याच माणसाच्या हाताला लागतो त्याला खेळ म्हणायचं का, तुम्हीच सांगा. ज्या मंगळवारी दादाची बातमी आली त्या दिवशीसुद्धा मी हेच पुटपुटत होतो. साडेअकरा वाजले असतील. मी चष्मेवाला, डोळे तपासायचे, भिंगं घासायची, फ्रेममध्ये बसवायची, तीस वर्षं तेच. समोर एक आजी, त्यांच्या नाकावर तपासणीची ती जड फ्रेम, मी एकेक काच घालतोय, काढतोय, म्हणतोय, "आजी, तिसरी ओळ वाचा," आणि आजी म्हणतात, "तिसरी कुठली, तुमचा तो तक्ता कुठल्या भिंतीवर आहे तेवढं आधी सांगा," आणि नेमका तेव्हाच फोन वाजला. बघतो तर कुत्रेवाला. आजी म्हणाल्या, "घ्या हो, महत्त्वाचा असेल." मी म्हटलं, "महत्त्वाचा कसला आजी, ताट सापडलंय."

आता कुत्रेवाला कोण आणि ताट कसलं, ते सांगतो, पण आधी तो खेळ समजून घ्या, उगाच मला एकट्यालाच शिसारी येते असं व्हायला नको.

त्याला म्हणतात डिस्क गोल्फ. गोल्फ म्हटल्यावर तुमच्या डोळ्यांपुढे मखमली हिरवळ आणि पांढऱ्या पँटी आल्या असतील, त्या घालवा. ही साधी सार्वजनिक बाग. जिथे लोक धापा टाकत धावतात, पोरं घसरगुंडीवरून पडतात, माणसं डबा खातात आणि उरलेलं कबुतरांना घालतात, त्याच बागेत नऊ लोखंडी टोपल्या उभ्या केल्यात. खांबावर टोपली, टोपलीच्या वर गोलाकार लोंबणाऱ्या साखळ्या, लांबून बघितलं तर वाटतं पाखरांना डांबून ठेवायची सोय केलीय. आणि करायचं काय? तर प्लास्टिकची एक तबकडी, जेवणाच्या ताटाहून जरा लहान, ती टोपलीकडे फेकायची. ती झाडाला लागते. मग तिथवर चालत जायचं आणि जिथे पडली तिथून परत फेकायची. परत झाडाला. असं करत करत कधीतरी ती साखळ्यांना लागून टोपलीत पडली की पुढच्या टोपलीकडे चला. नऊ वेळा. बस, एवढाच खेळ. आणि सुरुवातीला पाटी, "नवशिक्यांसाठी सोपा मार्ग. अंदाजे एक तास." सगळ्यात लांबची टोपली सत्तर पावलांवर. मी दादाला म्हटलं, अरे, सत्तर पावलं चालत जा आणि हाताने ठेव ना टोपलीत, एका मिनिटाचं काम. तर मला म्हणतो, "तू रोज संध्याकाळी फिरायला जातोस आणि घरीच परत येतोस. मग घरीच का बसत नाहीस?"

आता भूगोलाच्या मास्तराशी कोण वाद घालणार?

दादा माझ्याहून नऊ वर्षांनी मोठा. पस्तीस वर्षं शाळेत वाऱ्यांचे नकाशे शिकवले, वारा कधी फळ्याच्या बाहेर आला नाही, म्हणून निवृत्त झाल्यावर हा माणूस प्रत्यक्ष वाऱ्याला भेटायला बागेत गेला. बोट तोंडात घालून ओलं करायचं, तेच बोट हवेत धरायचं, "ईशान्येकडून येतोय." अरे, येऊ दे की! आणि मग त्याच ओल्या बोटाने तबकडी धरायची. तुम्हाला सांगतो, मला तेव्हाच कळायला हवं होतं की या खेळात ओलावा फार आहे.

तर तबकड्या हरवतात. झुडपात जातात, गटारात जातात, कुंपणापलीकडे कुणाच्या गॅलरीत जातात. म्हणून या लोकांची एक पद्धत आहे, तबकडीच्या पोटावर पक्क्या शाईने फोन नंबर लिहायचा, ज्याला सापडेल त्याने फोन करायचा. चांगली पद्धत आहे, माणुसकीची आहे. पण दादाने स्वतःचा नंबर लिहिला का? नाही. खिशात फोन असला की म्हणे फेक वाकडी जाते, म्हणून तो फोन घरी ठेवून जायचा. मग वहिनीचा लिहिला का? छे. वहिनीचा समज असा की नवऱ्याकडे चार तबकड्या आहेत, आणि हा एक हरवली की गुपचूप दुसरी आणतोय. वहिनीचा फोन वाजला असता तर पहिल्याच महिन्यात बिंग फुटलं असतं. मग उरलं कोण? धाकटा भाऊ. "तू दिवसभर लोकांचे नंबर काढत असतोस," मला म्हणतो, "तुझा एक मी घेतला तर तुझं काय झिजलं?"

फेकणारा तो, नंबर माझा.

तीन वर्षं, तुम्हाला सांगतो, तीन वर्षं मी हे भोगलं. भिंग घासायला घ्यावं आणि फोन, "हॅलो, तुमचं झाकण सापडलंय." कसलं झाकण? "डब्याचं असावं. निळं आहे. डबा आणून बसवून बघता का?" एका बाईने तर मला उभा सोलला. "तुमची थाळी माझ्या कुंडीत पडली, रोप मोडलं माझं, या वयात शोभतं का हे?" मी म्हटलं, बाई, मी फेकली नाही. "मग हा नंबर कुणाचा?" म्हटलं, माझा. "मग?" आता या "मग"ला काय उत्तर आहे, मला सांगा. मी क्षमा मागितली. शेजारच्या रोपवाटिकेतून रोप नेऊन दिलं, तिने उघडून बघितलं आणि म्हणाली, "आधीचं जास्त टवटवीत होतं." फेकणारा तो, नंबर माझा.

पण सगळ्यात नेमाने फोन करणारा म्हणजे कुत्रेवाला. मी त्याला कधी पाहिलेलं नव्हतं, पण आवाज पाठ. त्याचं कुत्रं, वासराएवढं आहे म्हणे, झुडपात शिरून तबकड्या हुडकतं आणि तोंडात धरून मालकाला आणून देतं. मग फोन, आवाज मऊ, घाई म्हणून नाहीच, "नमस्कार, बागेतून बोलतोय. ते तुमचं एक सापडलं. आमच्या बाळाने आणलंय." बाळ म्हणजे कुत्रं. आणि माझं उत्तर ठरलेलं, "बाकड्याखाली ठेवा, संध्याकाळी येतो." पहिल्या टोपलीच्या पाटीला लागून एक हिरवं बाकडं आहे, त्याच्याखाली. संध्याकाळी दुकान बंद करून मी जायचो, वाकायचो, हात आत घालायचो आणि… लाळ. पूर्ण वाळलेली असती तर एक वेळ चाललं असतं, पण नाही, अर्धवट. बोट उचललं की तार येते, तार! कडेला दातांचे व्रण, वर चिखल, आणि एकदा तर कबुतरानेही आपलं मत नोंदवून ठेवलेलं. दोन बोटांत धरून, हात अंगापासून लांब करून, मी ती रस्त्याने दुकानात नेणार, ज्या बेसिनमध्ये लोकांच्या डोळ्यांवरची भिंगं धुतो त्याच बेसिनमध्ये ती धुणार, आणि रविवारी दादा येऊन घेऊन जाणार. उपकार मानले का कधी? "रविवारी ये की एकदा," एवढंच. "नऊच टोपल्या आहेत. तूही जन्मभर गोल काचाच घासल्यास, एखादी फेकून तर बघ." मी म्हणायचो, पुढच्या रविवारी.

तर तो मंगळवार. आजींच्या उजव्या डोळ्यावर काच चढवत मी खांद्याने फोन कानाशी धरला. "नमस्कार, बागेतून बोलतोय, ते तुमचे…" मी म्हटलं, "बाकड्याखाली ठेवा, संध्याकाळी येतो," आणि ठेवून दिला. आवाज नेहमीसारखा नव्हता का? नसेल. त्या दिवशी त्याला घाई होती का? असेल. लगेच परत वाजला. मी फोन काउंटरवर पालथा घातला. पालथा फोन वाजला की थरथरत सरकतो, बघितलंय ना तुम्ही, तसा तो सरकत सरकत काउंटरच्या कडेपर्यंत आला. तीनदा वाजला. आजी म्हणाल्या, "ताट फारच गरम दिसतंय." आम्ही दोघं हसलो. मी हसलो, हे लक्षात ठेवा.

पाऊण वाजता वहिनीचा फोन. "भाऊजी, यांना बागेतून दवाखान्यात आणलंय. या." आता वहिनी नुसतं "या" म्हणणारी बाई नव्हे. "जेवून या," "छत्री घेऊन या," "येताना तुमच्या बायकोलाही आणा, मेली कधी येत नाही," असं शेपूट असतंच. त्या दिवशी नुसतं "या". गेलो. झालं होतं सगळं. पाचव्या टोपलीजवळ दादा खाली बसला आणि मग आडवा झाला. रुग्णवाहिका कुत्रेवाल्याने बोलावली, ती येईपर्यंत दहा-बारा मिनिटं तोच दादाचा हात धरून गवतात बसला होता. दादाच्या खिशात वाचनालयाचं कार्ड होतं, त्यावरून दवाखान्याने घरी कळवलं. डॉक्टर मला म्हणाले, "तुम्ही शेजारी उभे असतात तरी काही करता आलं नसतं." भला माणूस. त्याला काय माहीत, शेजारी सोडाच, मी फोनवरही उभा राहिलो नव्हतो.

आणि नर्स वहिनीला म्हणाली, ज्यांनी आणलं ते सांगत होते की हे शेवटपर्यंत बोलत होते. काय बोलत होते? ते नर्सला माहीत नाही. वहिनी माझ्याकडे बघून म्हणाली, "त्या गृहस्थांनी कुणाला तरी तीन-चारदा फोनही केले म्हणे. कुणी घेतला नाही." मी मान हलवली. कुणाला केले ते वहिनीला अजून माहीत नाही. तुम्हाला सांगितलं, झालं.

बरं, माणूस गेला. आता तरी फोन थांबावेत की नाही? पण नाही. तीन वर्षांचं पीक आहे ते, सगळ्या बागेत पेरून ठेवलंय. पानगळ झाली, झुडपं उघडी पडली, तशा तबकड्या वर यायला लागल्या. एक गटार साफ करताना निघाली. एक माळ्याने स्वच्छतागृहाच्या छपरावरून काढली, तिच्यात पाणी साचलेलं, पाण्यात काय काय झालेलं… जाऊ दे, तुम्ही जेवून आला असाल. माळी म्हणतो, "साहेब, आणखी दोन दिसताहेत वर, शिडी धरता का?" धरली. दुकानातला खालचा खण भरलाय. वहिनीकडे न्याव्यात तर नेता येत नाहीत, तिच्याकडे चार आहेत, तिने त्या पुसून कपाटात ठेवल्यात, आता मी सतरा घेऊन उभा राहिलो तर? माणूस गेल्यावर त्याचं बिंग फोडायचं? एक दिवस बायको म्हणाली, "टाकून द्या ना." टाकून! टाकायच्या कुठे? कुठेही टाकल्या तरी कुणीतरी भला माणूस उचलणार आणि मलाच फोन करणार. फेकणारा गेला, नंबर तेवढा राहिला.

आणि कुत्रेवाला? तो त्या दिवसापासून फोन करत नाही. मेसेज करतो. "एक सापडली. बाकड्याखाली ठेवली आहे." बस. त्या मंगळवारचं एक अक्षर नाही, "कसले भाऊ हो तुम्ही" नाही, काही नाही. मी म्हटलं होतं बाकड्याखाली ठेवा, तर तो आपला ठेवतोय. याला सभ्यपणा म्हणायचा की सूड घेणं म्हणायचं, मला कळत नाही. एवढं कळतं की दादाचे शेवटचे शब्द जगात एकाच माणसाला माहीत आहेत, आणि तो माणूस सकाळी बागेत येतो, म्हणून मी संध्याकाळी जातो. चार महिने.

गेल्या रविवारी चुकलं. संध्याकाळी वहिनीकडे जायचं होतं, म्हणून म्हटलं सकाळी लवकर जाऊन उरकावं, कुत्रेवाला काय नऊच्या आधी येत नाही. गेलो. बाकड्याखाली हात घातला, लाळ, अर्थातच. दोन बोटांत धरून सरळ उभा राहतो तर मागून आवाज, "फेका हो."

वळून बघतो तर सत्तरीच्या दोन बाया. डोक्यावर सारख्या टोप्या, एक उजव्या हाताने फेकणारी, एक डाव्या. मी नेमका त्या फेकायच्या चौथऱ्यावर उभा. म्हटलं, मी खेळत नाही. डावी म्हणाली, "मग हातात काय आहे, आरसा?" उजवी म्हणाली, "लाजू नका भाऊ, सगळेच पहिल्यांदा घाण फेकतात." आणि त्यांच्याही मागे एक कुटुंब येऊन थांबलेलं, म्हणजे रांग. तुम्ही सांगा, रांगेत सगळे आपल्याकडे बघत असताना, ही तबकडी माझी नाही, मी तिला नुसता धुवायला नेतोय, हे कुठून सांगायला सुरुवात करणार?

फेकली. माझ्या मागे गेली. मागे! हात पुढे आणि तबकडी मागे, रांगेतल्या बापाने मान खाली घातली म्हणून वाचला. उजवी म्हणाली, "सुंदर." हे या लोकांचं आणखी एक ढोंग, काहीही फेका, सुंदर म्हणतात. झाडाला लागली, सुंदर. चिखलात गेली, सुंदर. दुसऱ्या टोपलीला माझी कचऱ्याच्या पिंपात गेली, म्हटलं, आता सुटलो, तर डावी म्हणते, "काढा." हात घाला म्हणते. घातला, कोपरापर्यंत घातला. केळ्याची साल, काहीतरी मऊ, काहीतरी कोमट… सकाळी साडेआठला पिंपात कोमट काय असू शकतं, मी विचार केला नाही, तुम्हीही करू नका. बुटात दंव शिरलेलं, मोजे पायाला चिकटलेले, शर्टाच्या बाहीला केळं, आणि मागून दोघी, "सुंदर, सुंदर, पण गुडघा वाकवा."

तिसऱ्या टोपलीला डावीने माझी तबकडी उचलून दिली, देताना उलटी केली आणि थांबली. "अगं, ही तर भूगोलाची." मग माझ्याकडे बघितलं. "तुम्ही तो नंबर का?"

आयुष्यात लोकांनी मला पुष्कळ नावं ठेवली, हे नवीन होतं. म्हटलं, हो, मीच तो नंबर.

"आमचे भूगोल नेहमी म्हणायचे ना," उजवी म्हणाली. "आम्ही म्हणायचो, अहो जपून, झाडीत जाईल. तर म्हणायचे, जाऊ दे, माझा भाऊ आहे, पहिल्या रिंगला फोन उचलतो."

पहिल्या रिंगला.

मी म्हटलं, हो. बाहीवरचं केळं पुसलं.

पाचव्या टोपलीपाशी दोघींनी टोप्या काढल्या, परत घातल्या आणि खेळायला लागल्या. मला वाटलं होतं तिथे काहीतरी वाटेल. गवत होतं. बाकीच्या बागेत आहे तसंच. बुटावर एक मुंगळा चढला, तो झटकला. सात फेकी लागल्या मला तिथे. सुंदर.

आणि नववी. शेवटची, जवळची, चाळीस पावलं. म्हटलं एकदाचं संपवावं. गुडघा वाकवला, हात ओढला आणि सोडली, आणि तुम्हाला सांगतो, ती तबकडी गेली! अशी सपाट, अशी सरळ, टोपलीच्या वरून, साखळ्यांच्या वरून, हिरवळ ओलांडून, पार पलीकडच्या पायवाटेपर्यंत. उजवी म्हणाली, "ईशान्येचा वारा मिळाला." आणि पायवाटेवर एक वासराएवढं कुत्रं उभं होतं, त्याने मान वर केली आणि ती हवेतच पकडली.

कुत्र्यामागे एक माणूस. साधा, मध्यम उंचीचा, स्वेटरवाला. त्याने कुत्र्याच्या तोंडातून तबकडी घेतली, आपल्या स्वेटरला पुसली, आणि तुम्हाला सांगतो, मला ती पुसलेली बघवली नाही. इतकी वर्षं तो पुसून ठेवत होता आणि तरी ती तशी असायची. मग त्याने तबकडी उलटी करून बघितली आणि खिशातून फोन काढला. मेसेज करायला म्हणून काढला असेल, थोडा वेळ नुसता हातात धरला, आणि मग कानाला लावला.

माझ्या खिशात वाजलं.

फेकणारा मी, नंबर माझा.

डावी हळूच म्हणाली, "त्या दिवशी तेच होते हो भूगोलाजवळ. जा ना. भेटा. सांगतील ते."

मी पहिल्या रिंगला उचलला. खोटं नाही सांगत, पहिल्या. तिकडून तोच मऊ आवाज, "नमस्कार, बागेतून बोलतोय…" आणि तो थांबला. मी मध्येच तोडतो हे त्याला ठाऊक, म्हणून त्याने माझ्यासाठी जागाच ठेवली. शंभर पावलांवर तो आता पाठ वळवून उभा, आणि फोनमध्ये कुत्र्याचं धापा टाकणं ऐकू येतंय. चार महिने वाक्य तयार होतं माझं. तीन शब्दांचं, दादा काय म्हणाला? भिंग घासताना म्हणून बघितलेलं, जिन्यात म्हणून बघितलेलं. तोंड उघडलं, आणि त्यातून निघालं काय?

"बाकड्याखाली ठेवा. संध्याकाळी येतो."

"बरं," तो म्हणाला. मार्ग फिरून पहिल्या टोपलीपाशीच येतो, तिथल्या बाकड्यापाशी तो गेला, वाकला, ठेवली, कुत्र्याच्या डोक्यावर हात फिरवला आणि फाटकाकडे चालायला लागला. कुत्रं मात्र दोनदा वळून माझ्याकडे बघून गेलं.

उजवी म्हणाली, "सुंदर."

त्या संध्याकाळी मी गेलो नाही. वहिनीकडे गेलो, तिने पुसलेल्या चार तबकड्या दाखवल्या, मी छान आहेत म्हटलं. काल मेसेज आला, "अजून बाकड्याखालीच आहे." वाचला. नववी टोपली अर्धीच राहिली आहे. आणि दादा काय म्हणाला, ते मी अजून विचारलेलं नाही.